हात सात, पोट एक

आपल्या रेडिओवर आज पुन्हा भेटतोय आम्ही, समुद्रपूर तालुक्यातल्या बचतगटाच्या बाया. मागच्या वेळी आपण गटाच्या हप्त्यांबद्दल आणि हिशेबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आपण बोलणार आहोत घरातल्या मुक्या जीवांच्या लाडाबद्दल. बकरीच्या, बैलाच्या, दारातल्या कुत्र्याच्या, चुलीजवळ येऊन बसणाऱ्या मांजरीच्या. त्यांना आपण जेवणाशिवाय जो गोडाधोडाचा, आवडीचा घास देतो ना, त्याच्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, यात बोलायचं काय? घास द्यायला काय शिकायचं? आम्हीही असंच म्हणत होतो. पण आमच्या गटातल्या एका ताईची बकरी गेली, आणि त्या दिवशी आम्हाला कळलं की यात शिकायचं आहे. त्या ताईला विचारूनच आम्ही आज ही गोष्ट सांगतो आहोत. ती म्हणाली, "सांगा जी. माझी गेली ते गेली, दुसरीची तं वाचन."

या ताईनं गटातून आठ हजारांचं कर्ज काढून एक बकरी घेतली होती. काळीभोर, कपाळावर पांढरा टिक्का. लेकरांनी तिचं नाव ठेवलं चांदणी. नाव ठेवलं की जनावर घरातलं होतं. चांदणी लेकरांच्या मागं मागं शाळेच्या फाटकापर्यंत जायची, ताई स्वयंपाक करत असली की उंबरठ्यावर येऊन उभी राहायची. चार महिन्यांची गाभण होती. दोन पिल्लं होतील, ती विकून अर्धं कर्ज फिटेल, असा ताईचा हिशेब होता.

वैशाखात शेजारच्या घरी लग्न होतं. मांडवाचा दिवस. दोन्ही घरांच्या मधे कुंपण नाही, त्यामुळे पाहुणे इकडेही आणि तिकडेही. चांदणी मोकळीच होती. संध्याकाळी ताईच्या लक्षात आलं की बकरी रवंथ करत नाही, एका कोपऱ्यात मान खाली घालून उभी आहे. ताईला वाटलं, दिवसभर गर्दी होती, बकरी थकली असेल. रात्री पाहिलं तर डावी कूस फुगलेली, दात करकर वाजवते, आणि आंबट वासाची पातळ लेंडी. घरच्यांनी जे सुचलं ते केलं. कोणी ओव्याचं पाणी आणलं, कोणी तेल. नळीनं जबरदस्तीनं पाजलं, त्यानं तिला ठसका लागला. डॉक्टरांना फोन केला तो सकाळी. डॉक्टर आले, त्यांनी प्रयत्न केले, पण उशीर झाला होता. दुपारच्या आत चांदणी गेली. पोटातली पिल्लंही गेली.

डॉक्टरांनी एकच विचारलं, "काल हिनं काय काय खाल्लं?"

ताईची पोरगी म्हणाली, मी दोन पोळ्या दिल्या. सासूबाई म्हणाल्या, "उरलेला वरणभात तेवढा टाकला, वाया काऊन घालवायचा?" नवऱ्यानं धान्य साफ केल्यावर उरलेले बारीक गहू टोपलीभर समोर ठेवले होते. शेजारणीनं मूठभर बुंदी दिली. आचाऱ्यानं उरलेला कणकेचा गोळा दिला. पाहुण्यांच्या पोरांनी बिस्किटाचे दोन पुडे चारले. आणि ताईनं स्वतः, बकरी गाभण आहे म्हणून, रोजचा भरडा आणि चुनी संध्याकाळी दिलीच.

मोजा बरं. सात हात झाले. सातही जणांनी प्रेमानंच दिलं. सातही जण म्हणत होते, "म्या तं थोडंसंच देल्लं." आणि ते खरंच होतं. पण हात सात असले तरी पोट एकच होतं.

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातून एवढंच लक्षात राहिलं तरी पुष्कळ आहे. लाडाचा घास सहसा एका हातानं जास्त होत नाही. तो जास्त होतो, कारण देणारे अनेक असतात आणि मोजणारं कोणीच नसतं.

आता हे पोटात नेमकं काय होतं, ते समजून घेऊ. बकरी, गाय, म्हैस, बैल या रवंथ करणाऱ्या जनावरांचं पोट आपल्यासारखं नसतं. त्याचे चार कप्पे असतात. पहिला कप्पा सगळ्यांत मोठा, आणि तो असतो डाव्या बाजूला. त्या कप्प्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव राहतात. जनावर चारा खातं, पण तो चारा पचवतात हे जीव. त्यांना सवय असते कडब्याची, कुटाराची, पाल्याची. असा चारा हळूहळू पचतो.

त्या कप्प्यात एकदम गहू, कणीक, भात, पोळी, साखर, गूळ असं पडलं की ते फार झपाट्यानं आंबतं. आपण इडलीचं पीठ रात्री डब्यात झाकून ठेवतो, सकाळी ते वर येऊन झाकण ढकलतं ना, तसंच काहीसं. आंबट वाढलं की चारा पचवणारे चांगले जीव मरतात. पोटाची हालचाल थांबते, रवंथ बंद होतो, गॅस साठतो. अंगातलं पाणी पोटाकडे ओढलं जातं, जनावराचे डोळे खोल जातात. ते आंबट मग रक्तात उतरतं. सवय नसलेल्या बकरीला किलोभर गहूसुद्धा जिवावर बेतू शकतो. त्यातही दळलेलं पीठ आणि कणीक अख्ख्या दाण्यापेक्षा लवकर आंबते. आणि हे लगेच दिसत नाही. खाल्ल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणून आपल्याला वाटतं, कालचं खाणं आणि आजचं दुखणं यांचा काय संबंध?

मग धान्य द्यायचंच नाही का? द्यायचं. गाभण बकरीला, दुभत्या गाईला, कामाच्या बैलाला खुराक लागतोच. पण तो रोजचा, मोजका आणि सवयीचा हवा. नवीन काही सुरू करायचं असेल तर पहिल्या दिवशी चिमूटभर, मग मूठ, असं आठ-दहा दिवसांत वाढवत न्यायचं. म्हणजे पोटातल्या त्या जीवांनाही सवय होते. आणि आधी चारा, मग खुराक. उपाशी पोटी धान्य कधीच नको.

आता पोळ्याकडे येऊ. आपल्या विदर्भात पोळ्याशिवाय लाडाची गोष्ट पूरी होत नाही. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे, तूप-हळद लावायची, आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. अमावास्येला धुऊन, झूल घालून, बाशिंग बांधून आखरावर तोरणाखाली न्यायचं. आपल्या वर्धा जिल्ह्याच्या पांढऱ्याशुभ्र गवळाऊ जोडीला सजवलं की रस्त्यानं पाहत राहावं. पोळा फुटला की बैल घरोघरी जातात. बाया पाय धुतात, ओवाळतात, पुरणपोळीचा घास देतात, धन्याला बोजारा देतात. दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा. तिथला बैल लाकडाचा, त्याला कितीही चारा, त्याचं पोट बिघडत नाही.

खऱ्या बैलाचं मात्र तसं नाही. गावातली तीस घरं धरा. प्रत्येक घरची एकच पुरणपोळी. एक पोळी शंभर ग्रॅमची धरली तरी तीन किलो होते. शिवाय घरची खिचडी, वरणभात वेगळा. वर्षभर कुटार आणि कडबा खाणाऱ्या बैलाच्या पोटात एका संध्याकाळी तीन किलो पुरण, कणीक आणि गूळ गेला तर पोट बिघडणारच. आणि बैल सांगत नाही की बाई, मागच्या घरी झालं माझं.

आमच्या गटात पोळ्याच्या आधीच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा वाद झाला. एक मोठ्या बाई रागावल्याच. "वर्षभर राबते तो. एक दिवस त्याच्या तोंडात घास घालाचा नाही म्हंता? हे कोणतं शिकणं?" त्यांचं बोलणं काही चुकीचं नव्हतं. ज्याच्या जिवावर शेत पिकतं, त्याला सणाच्या दिवशी कोरडं कसं पाठवणार? मग त्यांनीच वाट काढली. त्या म्हणाल्या, नैवेद्य हा नखाएवढा असला तरी नैवेद्यच असतो. देवाला आपण कुठे ताटभर भरवतो?

तेव्हापासून आम्ही असं करतो. घरच्या धन्यानं बैलाला सकाळी नेहमीचा कडबा पोटभर द्यायचा. घरची पुरणपोळी एक, फार तर दोन. बाकीच्या घरी ओवाळायचं, पाय धुवायचे, आणि पोळीचा सुपारीएवढा तुकडा तोंडाला लावायचा. उरलेली पोळी बैलासोबत चालणाऱ्या पोराच्या टोपलीत टाकायची. ती टोपली घरी गेली की माणसं खातात. ज्यांना घासच द्यायचा आहे, त्या हिरव्या चाऱ्याची एक पेंढी देतात. बैल ती जास्त आवडीनं खातो, हे आता सगळ्यांनी पाहिलं आहे. मान राहिला, सण राहिला, आणि बैलही दुसऱ्या दिवशी नीट रवंथ करत उभा राहिला.

आता बकरीला, गाईला लाडानं द्यायचं तरी काय? आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहे. बकरीला बोरीचा, बाभळीचा, उंबराचा, कडुनिंबाचा पाला आवडतो. बाभळीच्या वाळक्या शेंगा तर ती शोधून शोधून खाते. शेवग्याचा पाला चांगला. सुबाभूळ चांगली, पण रोजच्या चाऱ्यात तिचा वाटा एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, ती एकटी तर कधीच चारू नये. स्वयंपाकघरातल्या मेथीच्या काड्या, पालकाची देठं, गाजराचे तुकडे, केळीचं साल, उन्हाळ्यात टरबुजाची सालं चालतात. पण सगळं बारीक कापून आणि मूठभरच. गुळाचा बोराएवढा खडा कधीमधी चालतो. खनिज मिठाची वीट गोठ्यात टांगली तर तिच्यासारखा लाड नाही. जनावर मनाला येईल तेव्हा चाटतं आणि त्याला गरजेची खनिजं मिळतात.

काही गोष्टी मात्र कटाक्षानं टाळायच्या.

एक, बुरशी लागलेलं काही द्यायचं नाही. शिळी पोळी, भिजलेली ढेप, काळं पडलेलं धान्य. आपण म्हणतो, माणसाला नको तर ढोराला देऊ. पण बुरशीचं विष ढोराच्या काळजालाही तसंच लागतं. दुभतं जनावर असेल तर ते दुधातही उतरतं, आणि ते दूध आपलीच लेकरं पितात.

दोन, आंब्याची कोय, अख्खा बटाटा, अख्खं बीट गाईम्हशीसमोर टाकायचं नाही. ते घशात अडकतं. जनावर लाळ गाळतं, मान ताणतं, आणि गॅस बाहेर पडायला जागा न मिळाल्यानं पोट फुगतं. रसाच्या दिवसांत कोया गोळा करून खड्ड्यात टाकायच्या.

तीन, उष्टं-खरकटं पिशवीत बांधून रस्त्यावर ठेवायचं नाही. गाय पिशवीसकट गिळते. ते प्लास्टिक पचत नाही, बाहेरही पडत नाही, पोटात साठत जातं. आपल्या राज्यात अशा पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, तरी लग्नाच्या मांडवामागं आपण काय पाहतो ते आपल्याला ठाऊक आहे. खरकट्यात तार, खिळा, पिन गेली तर ती पोटातून पुढं सरकून हृदयापर्यंत टोचू शकते. पुण्य समजून टाकलेला घास असा जिवावर उठतो.

चार, पिल्लांना आणि लहान वासरांना सरकी किंवा सरकीची ढेप लाडानं चारू नका. आपला भाग कापसाचा, घरात ढेप असतेच. मोठ्या गाईम्हशीला मोजून दिलेली ढेप पचते, पण पिल्लाचं पोट अजून तयार झालेलं नसतं, सरकीतलं विष त्याला बाधतं. कोंबड्यांनाही ती चालत नाही.

पाच, शेतातून येताना लाडानं आणलेला पाला फवारणीचा तर नाही ना, हे विचारून घ्या. आणि ज्वारी कापल्यावर बुडातून फुटलेली कोवळी ज्वारी बकरीला, गाईला घालू नका. तिच्यात विष असतं, जनावर बघता बघता पडतं.

आता कुत्र्या-मांजराकडे वळू. यांचं पोट बकरीसारखं नाही, आपल्यासारखंही नाही. आपल्या ताटातलं सगळं त्यांना चालतं, हा मोठा गैरसमज आहे. कुत्रं शेपटी हलवत ताटाजवळ बसलं की कोणाचंही मन पाघळतं. पण कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात, मांजरीला तर ते जास्तच बाधतात. म्हणजे कांदाभजी, झुणका, तर्रीचा रस्सा, पातोडीचा रस्सा, हे त्यांच्यासाठी नाही. कच्चा असो की शिजवलेला, कांदा तो कांदाच. चॉकलेट कुत्र्याला विषासारखं आहे, जितकं काळं आणि कडू तितकं वाईट. द्राक्षं आणि मनुकांनी त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकतात. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुका इथं आठवा. बिनसाखरेची म्हणून मिळणारी च्युइंगगम, गोळ्या यांतला गोडवा काही वेळा कुत्र्याची साखर एकदम उतरवतो, आणि ते फिट येऊन पडतं. शिजवलेल्या कोंबडीची हाडं चिरफळतात आणि आतड्यात टोचतात. हाडं कुत्र्यासाठीच असतात असं आपण लहानपणापासून ऐकलं आहे, पण शिजवलेलं हाड देऊ नये.

मांजरीला दूध आवडतं, हे खरं. पण आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना गाईचं दूध पचत नाही, हगवण लागते. तिला वाटीभर पाणी आणि शिजवलेल्या, काटे काढलेल्या मासळीचा तुकडा जास्त उपयोगाचा.

मग कुत्र्याला लाडानं काय? भाकरीचा तुकडा, उकडलेलं अंडं, उकडलेलं रताळं, गाजर, लाल भोपळा, बिनमिठाचा थोडा दहीभात, बिनहाडाचं साधं शिजवलेलं मांस. जनावरांचे डॉक्टर एक सोपा आडाखा सांगतात. दिवसभराच्या खाण्याचा दहावा भाग, तेवढाच लाडाचा. दिवसाला चार भाकरी खाणारं कुत्रं असेल तर लाडाचा वाटा अर्ध्या भाकरीपेक्षा कमी. आणि बिस्किटं? दुकानातून येताना प्रत्येक जण एक पुडा फोडतो. त्यात साखर, मैदा आणि मीठ. कुत्रं लठ्ठ होतं, जेवण सोडतं, पण बिस्किटासाठी दारोदार फिरतं. पाच घरचं बिस्किट खाणाऱ्या कुत्र्याला एकाही घरचं जेवण मिळत नाही, हे आमच्या गावच्या वळणावर बसणाऱ्या कुत्र्यात आम्ही पाहिलं आहे.

लेकरांबद्दलही बोललं पाहिजे, कारण सगळ्यांत जास्त लाड तीच करतात. लेकरांना शिकवा. अनोळखी कुत्र्याला हातानं घास भरवायचा नाही, जमिनीवर ठेवून मागं सरकायचं. पिल्लांजवळच्या कुत्रीजवळ, जेवणाऱ्या कुत्र्याजवळ जायचं नाही. घास दाखवून हात मागं ओढायचा खेळ नको, त्यानंच चावा बसतो. चावा बसलाच, ओरखडा आला, तर हळद-तिखट न लावता साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात इंजेक्शनसाठी जायचं. घरचं कुत्रं आहे म्हणून थांबायचं नाही. आणि घरच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्यायची. लाड करतो ना आपण त्याचे? मग हा पहिला लाड.

आता समजा, काळजी घेऊनही बकरीनं किंवा बैलानं जास्त खाल्लंच. बकरी धान्याच्या पोत्यात तोंड घालून बसलेली सापडली. तर काय करायचं?

पहिली गोष्ट, वाट पाहायची नाही. चांदणीच्या वेळी आम्ही इथेच चुकलो. लक्षणं दिसायच्या आधीच फोन करायचा. आपल्या गावातल्या पशुसखीला सांगा, जनावरांच्या दवाखान्यात फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, तो भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. काय खाल्लं, किती खाल्लं, केव्हा खाल्लं, हे तीन प्रश्न डॉक्टर विचारतात. त्यांची उत्तरं तयार ठेवा, आणि खरी द्या. घरात कोणी रागावेल म्हणून लपवू नका. सासूबाईंनी दिलं असेल तर दिलं. त्यात लाज कसली? त्यांनी मायेनंच दिलं.

दुसरी, उरलेलं धान्य समोरून काढून घ्या. जनावराला झोपू देऊ नका. उभं ठेवा, पुढचे पाय थोड्या उंचवट्यावर, आणि जमत असेल तर हळूहळू चालवा. पाठीवर उलटं तर अजिबात करू नका.

तिसरी, जीभ ओढून, मान वर करून जबरदस्तीनं काही पाजू नका. ते पोटात जाण्याऐवजी फुफ्फुसात जातं, आणि मग एका दुखण्याची दोन होतात. तेल असो, सोडा असो, किती आणि कसा द्यायचा ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच. माणसाची गोळी गुळात घालून देऊ नका. आपली साधी तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते.

आणि रोज संध्याकाळी एक सवय लावून घ्या. बकरी बसली की ती रवंथ करते का, ते पाहा. डाव्या कुशीवर हात ठेवा. ती ढोलासारखी ताणलेली नको. दोन मिनिटांचं काम आहे. जनावराच्या अंगावरून हात फिरवणं हा पण लाडच, आणि त्यानं कोणाचंच पोट बिघडत नाही. तसं पाहिलं तर जनावराला खाण्याइतकीच भूक सोबतीची असते. चांदणी उंबरठ्यावर येऊन उभी राहायची ती दर वेळी पोळीसाठी नव्हे, हे ताईला नंतर कळलं.

आता शेवटी, आमच्या गटानं काय ठरवलं ते सांगतो. त्या ताईच्या कर्जाचा प्रश्न बैठकीत आला. कर्ज माफ करा, असं काही जणी म्हणाल्या. पण गटाचा पैसा सगळ्यांचा, तो माफ करता येत नाही. आम्ही तिला मुदत वाढवून दिली, हप्ता लहान केला. तिनं तो मजुरी करून भरला, एकही चुकवला नाही. बकरीचा विमा नव्हता, कानात बिल्ला नव्हता. म्हणून आता आमच्या गटातून जी बकरी घेते, ती आधी बिल्ला मारून विमा काढते, हा पहिला ठराव.

दुसरा ठराव डब्याचा. आपण गटाची वही का ठेवतो? वीस जणींच्या हातून पैसा येतो, वीस जणींच्या हातात जातो, म्हणून एका ठिकाणी मोजावा लागतो. घरातल्या जनावराचंही तसंच आहे. म्हणून प्रत्येक घरी गोठ्याजवळ एक लहान डबा. सकाळी घरातल्या एकीनं त्यात त्या दिवसाचा लाडाचा वाटा टाकायचा. बकरीसाठी मूठभर, कुत्र्यासाठी अर्ध्या भाकरीपेक्षा कमी. लेकरं, सासूबाई, पाहुणे, ज्याला द्यायचं त्यानं त्यातूनच द्यायचं. डबा रिकामा झाला की आजचे लाड संपले. लग्नाकार्याच्या दिवशी, सणाच्या दिवशी बकरी मोकळी सोडायची नाही, मागच्या बाजूला चारा-पाणी देऊन बांधायची.

सुरुवातीला घरच्यांनी चेष्टा केली. आता लेकरंच सांगतात, "आजी, डबा रिकामा झाला." आणि आजी ऐकतात.

त्या ताईनं मागच्या वर्षी पुन्हा बकरी घेतली, या वेळी दीड वर्षाची पाठ. ती आता व्यायली आहे, दोन पिल्लं आहेत. पोरीनं नाव ठेवायला जरा वेळ घेतला, पण ठेवलं. पिल्लांच्या डोक्यावर हात फिरवायला शेजारपाजारची पोरं येतात, आणि येताना एकेक बाभळीची शेंग आणतात. शेंग आधी डब्यात टाकतात, मग मोजून देतात.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. आपल्या घरी बकरीला, गाईला, कुत्र्याला कोण कोण, काय काय देतं, ते एकमेकींना सांगा. हात मोजा. मग ठरवा.

पुढच्या वेळी भेटू. तोवर तुम्ही सांभाळा, आणि तुमच्या दारचे मुके जीवही सांभाळा. नमस्कार.